आगाऊ भरलेले सहा हप्ते

१९ जुलै, गुरुवार

त्या सकाळी वेगळं असं काहीच नव्हतं. नळ आला, दोन पिंपं भरून घेतली. वरच्या खोल्यांतल्या सहा पोरींचा चहा झाला. कणीक मळली, वरण चढवलं, दोडके चिरले. वर्षा, हिमायतनगरची, सगळ्यांत बारकी, एक चप्पल सापडत नाही म्हणून जिन्यात बसून राहिली होती. शेवटी शुभांगीची चप्पल घालून क्लासला पळाली. मग खालच्या शेगडीवरचं पातेलं उतरवायला वाकले आणि कमरेखालचं अंग माझं राहिलंच नाही. पडले नाही. खिडकीची कड धरून तशीच उभी. शेजारची राबियाबी शिलाई मशीन थांबवून भिंतीपलीकडून ओरडली, "अनसाबाई, वरण करपून राहिलं ना! नाक बंद है क्या?"

म्हटलं, "नाक चालू आहे. पाय बंद झालेत."

याला अकरा दिवस झाले. आज मोठा फोटो बघून डॉ.नी सांगितलं, मणक्याचा टीबी. बरा होतो म्हणाले. गोळ्या वर्षभर, कदाचित दीड वर्ष. पहिले तीन महिने फळीवर उताणं पडून राहायचं, मग पट्टा. वाकायचं नाही, उचलायचं नाही. विचारलं, किती वजनापर्यंत चालेल? म्हणाले, "भरलेला तांब्या."

चौदा जणींचा स्वयंपाक करणारी बाई मी. तांब्या.

२२ जुलै, रविवार

मेस बंद केली. बाहेरून जेवायला येणाऱ्या आठ जणींना हात जोडले. वरच्या सहा जणींना मागच्या गल्लीतल्या बाईचा डबा लावून दिला. शुभांगी म्हणाली, "काकू, तिचं वरण म्हणजे नुसतं पाणी."

"मग पी. पाणी चांगलं असतं."

खोल्या चालू राहतील. किल्ल्या राबियाबीकडे. अक्काचा नांदेडहून निरोप आलाय, इकडेच ये. इथं राहिले तर मी उठून स्वयंपाकघरात जाणार, हे तिला माहीत आहे. मलाही.

टीबी हा शब्द कुणापुढे काढायचा नाही, असं राबियाबीनं बजावलंय. "मणका सरकला बोल. बस. नाहीतर आई-बाप पोरी उचलून नेतील, मग तेरा हप्ता कोण भरेल, मेरी मशीन?"

हप्ता. तोच डोक्यात आहे. हे गेल्यावर पेन्शनीत भागेना, म्हणून घर गहाण टाकून वर दोन खोल्या बांधल्या. दीड वर्ष झालं. महिन्याला २३१५. एकदाही चुकवला नाही. आता मेस नाही, मी इथं नाही, तीन महिने की चार

(इथं डोळा लागला वाटतं.)

२६ जुलै, गुरुवार

झालं एकदाचं. पोरींच्या घरून सहा महिन्यांचं खोलीभाडं एकदम आलं होतं, तसंच ठेवलं होतं. त्यात भिशीतले थोडे घातले. राबियाबीच्या भावानं रिक्षा अशी चालवली की जणू मागं अंड्यांची टोपली आहे. बँकेच्या खिडकीवर सांगितलं, सहा हप्ते आगाऊ. कारकुनानं वर न बघता नोटा मोजल्या, पावतीवर शिक्का मारला. १३,८९०.

आता जानेवारीपर्यंत बघायला नको. मेसमध्ये जिनं सहा महिन्यांचं आगाऊ दिलं, तिचं नाव मी वहीच्या पहिल्या पानावर लिहायचे. तिच्या ताटाकडे सहा महिने बघायचं नाही. आता बँकेच्या वहीत माझं नाव पहिल्या पानावर.

फार दिवसांनी इतकं हलकं वाटलं. पाठ सोडून.

३० जुलै, सोमवार. विष्णुपुरी (नांदेड)

जीपच्या मागच्या बाकावर गादी टाकून झोपून आले. लातूर ते नांदेड नुसतं आभाळ आणि विजेच्या तारा पाहिल्या. चाकूरच्या फाट्यावर जीप थांबली. धाकटे दीर गोविंद भावजी तासभर उभे होते म्हणे. मुगाची पिशवी पायाशी ठेवली. खिडकीतून वाकून म्हणाले, "वैनी, लवकर बऱ्या व्हा. घराचं काय ते आपण पाहू."

"घराचं काय पाहायचंय?"

"न्हाई. काही न्हाई. अशीच गोष्ट काढली."

माझ्या कर्जाला जामीनदार तेच आहेत. शेतकरी माणूस. सही करण्याआधी त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती, ते मला आठवलं.

८ ऑगस्ट, बुधवार

फळी. छत. छताला पाल. पालीला नाव ठेवायचं नाही असं ठरवलंय, नाहीतर जीव लागेल.

अक्का दर तासाला डोकावते. "अनसू, हाललीस का?" "नाही." "मग उशी कशी सरकली?" "ती हालली." धरणाचे दरवाजे उघडायचे असले की भोंगा होतो, तेवढंच नवं ऐकू येतं.

पुस्तक तोंडावर धरून दोन पानांत हात भरून येतात. दाजी इथल्या एका वर्कशॉपमध्ये आहेत. ते काल माप घेऊन गेले, आज लोखंडी पट्ट्यांचा घोडा करून आणला. तो पलंगावर उभा राहतो, पुस्तक वरून खाली तोंड करून लटकतं. पान उलटायला तेवढा हात लागतो. अक्का म्हणाली, "बायकोला एक पोळपाट करून दिला न्हाई बत्तीस वर्षांत." दाजी म्हणाले, "तू कधी उताणी पडलीस?"

अक्काच्या नातवाचं दहावीचं शास्त्राचं पुस्तक वाचतेय. क्षयाच्या जंतूवर अर्धं पान आहे. एवढासा तो, आणि मला आडवं केलं.

१९ ऑगस्ट, रविवार

हे मोजणी खात्यात शिपाई होते. साखळीचं एक टोक धरायचे. लग्न झालं तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. ह्यांनी शिकवायला पाटी आणली नाही. मोजणीचे बाद झालेले कागद आणायचे. मी पहिला वाचलेला शब्द 'पूर्वेस'. मग पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस. मग अमक्याचा बांध, तमक्याची विहीर. वर्षभरात हाताला लागेल ते वाचू लागले. भजी बांधून आलेला कागदसुद्धा सरळ करून. हे हसायचे, "आधी भजं तर खा."

हे जाऊन तीन वर्षं झाली. रडू येत नाही. पण काही वाचलं की कुणाला तरी सांगावंसं वाटतं. ते सांगायचं राहतं.

३० सप्टेंबर, रविवार

भूकंपाला आठ वर्षं.

त्यानंतर हे दीड वर्ष घरी राहिलेच नाहीत. नव्या गावांचे प्लॉट मोजत हिंडायचे. दोन-तीन आठवड्यांनी यायचे, जेवायचे, कोण कुठल्या ओळीत राहायला जाणार ते सांगायचे. मेलेल्यांबद्दल बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "अनसू, भिंत जाड असून काही होत नाही." मग आमचं घर बांधताना खिडक्यांच्या वरून चारी भिंतींत लोखंड घालून काँक्रीटचा पट्टा घेतला. गवंडी म्हणाला, साहेब, खर्च वाढतो. हे म्हणाले, वाढू दे. आणि गिलावा करताना पुढच्या खिडकीवर वीतभर पट्टा उघडा ठेवायला लावला. कुणाला बघायचा असेल तर दिसावा म्हणून.

तो वीतभर तुकडा बघून पोरींचे बाप खोली पक्की करतात. किल्लारीकडचा एक जण तर खुर्चीवर चढून हात लावून बघून गेला. भाडं मग विचारलं.

१७ ऑक्टोबर, बुधवार

आज डॉ.नी पट्टा बांधला आणि उभं केलं. खोली गरगर फिरली. मग थांबली. सात पावलं. पाय माझेच आहेत, ओळखीचे.

अक्कानं गुळाचा खडा दिला. दाजींनी घोड्याकडे बघून विचारलं, "आता ह्याचं काय करू?" म्हटलं, मी नेणार. अजून दुपारभर पडूनच राहायचंय.

डॉ. म्हणतात, नवा फोटो जानेवारीत. तोवर हाड भरतंय की नाही, सांगता येत नाही.

५ नोव्हेंबर, सोमवार

राबियाबीचा शेजाऱ्यांकडे फोन. "अनसाबाई, रजिस्टर आलंय. बँकेचं. मी सही करून घेतलं. भाईनं वाचलं. तेरे तीन हप्ते बाकी बोलते."

"कसले तीन? सहा भरलेत."

"मुझे क्या पुछती? कागद बोलता है." मग आवाज बारीक करून, "थकबाकीदार लिखा है गं."

ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. दंडव्याजासह. न भरल्यास गहाण मिळकतीवर पुढील कारवाई. एक प्रत जामीनदारास.

पावती पिशवीत जपून आहे. तीनदा काढून बघितली. शिक्का स्पष्ट आहे. अक्का म्हणते, दिवाळी करून जा. दिवाळी कसली. थकबाकीदार. मी.

८ नोव्हेंबर, गुरुवार. लातूर

पट्टा बांधून, बसून आले. पुढच्या हॉलमध्ये मेसची टेबलं भिंतीला लावून राबियाबीनं माझी फळी मांडली होती. पोरी जिन्यात रांगेनं उभ्या, जसं काही मी नवरी. वर्षा म्हणाली, "काकू, तुम्ही उंच झालात."

"पट्ट्यानं वाकता येत नाही, म्हणून."

घर बघितलं. सगळं जागेवर. झोपले आणि पहिल्यांदा स्वतःच्या छताकडे नीट बघितलं. चांगलं आहे. पाल नाही.

९ नोव्हेंबर, शुक्रवार

बँक. साहेब तरुण आहेत, नवीन बदलून आलेले. बसा म्हणाले. म्हटलं, बसून बोलण्यापेक्षा उभं बरं. पावती पुढं केली.

त्यांनी माझा खातेउतारा काढला, पेन्सिल फिरवली. "मावशी, तुमचे तेरा हजार आठशे नव्वद जमा आहेत. पण ते मुद्दलात गेलेत. आगाऊ रक्कम मुद्दलातून वजा होते. दर महिन्याचा हप्ता चालूच राहतो."

मला काही क्षण कळेना. मग कळलं तसा राग आला. म्हटलं, "साहेब, माझी मेस होती. पोरगी सहा महिन्यांचे पैसे आगाऊ द्यायची. मी पुढच्या महिन्यात तिला असं म्हटलं असतं का, की बाई, तुझे पैसे मी पिठाच्या डब्यात टाकले, आता जेवायचं तर परत दे?"

मागचा कारकून हसला. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "म्हणायला नको होतं. पण खिडकीवर कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

"नाही."

"तुम्ही विचारलंत?"

मी पावतीची पुन्हा घडी घातली. त्यांनी पाणी मागवलं. मग दोन रस्ते सांगितले. एक, अर्ज द्या. नोंद फिरवून ती रक्कम हप्त्यांत घ्यायची विनंती मी मुख्य कार्यालयाला पाठवतो. ते हो म्हणाले की तुम्ही जानेवारीपर्यंत मोकळ्या, दंडही माफ. निकाल लागेपर्यंत कारवाई थांबेल. दुसरा, रक्कम मुद्दलातच राहू द्या आणि थकलेले हप्ते भरा.

"भरायला कुठून आणू?"

"मग अर्ज द्या."

तिथंच उभ्यानं लिहिला. अक्षर चांगलं आलं.

११ नोव्हेंबर, रविवार

कर्जाचा करारनामा ट्रंकेतून काढायला लावला. अठरा पानं, दोन्ही बाजूंनी, मुंगीएवढी अक्षरं. घोड्यावर लावून सकाळपासून वाचला. बाराव्या पानावर आहे. "कर्जदाराने मुदतीपूर्वी भरणा केलेली अतिरिक्त रक्कम मुद्दलात वळती करण्यात येईल." मराठीत आहे. सोप्या मराठीत आहे. खाली माझी सही.

मी भज्याचा कागद वाचणारी बाई. हेच एक वाचलं नव्हतं. सही करताना तेव्हाच्या साहेबांसमोर अठरा पानं वाचत बसायची लाज वाटली होती. मागे रांग होती.

ह्यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, "आधी कागद, मग भजं." उलटं.

हसू आलं. बऱ्याच दिवसांनी एकटीनं.

१९ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळी पडून झाली. पोरी गावाहून परतल्या, प्रत्येकीच्या आईनं माझ्यासाठी वेगळा डबा. शंकरपाळे पाच प्रकारचे. राबियाबीचे रोजे सुरू झालेत. माझ्या फळीजवळ बसून बटणं लावते आणि शंकरपाळ्यांकडे बघत नाही.

दुपारी गोविंद भावजी आले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली म्हणजे काहीतरी अवघड बोलायचंय. "वैनी, मला बी नोटीस आली. पोस्टमननं चावडीसमोर नाव घेऊन हाक मारली."

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, चूक माझी.

"चूक कुणाची बी असो. एक गिऱ्हाईक हाय. क्लासवाले सर हायत, होस्टेल करायला घर बघून राहिलेत. बँक फिटून वर चांगले पैसे राहतील. तुम्ही अक्काजवळ राहा. ह्या पाठीनं एकटं राहून काय करणार? डिसेंबर लागल्यावर त्यांना सांगायचंय."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"मी काय तुमच्या घरावर डोळा ठेवून बोलून राहिलो न्हाई, वैनी."

"माहीत आहे, भावजी."

खरंच माहीत आहे. म्हणूनच अवघड आहे. वाईट माणूस असता तर सोपं होतं.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

पकडले गेले. शुभांगी पाणी द्यायला आली, गोळ्यांचं पाकीट उचललं, उलटं करून वाचलं. "काकू, हे तर टीबीचं औषध."

राबियाबी दारात, तिनं कपाळाला हात लावला.

शुभांगीनं विचारलं, "फुफ्फुसात आहे?"

"मणक्यात."

"मग नाही पसरत." वर्षाकडे वळून, "आपल्या जीवशास्त्रात आहे ना, तेच."

"झाली डॉक्टर," मी म्हटलं.

"होणारच ना. त्यासाठीच तर तुमच्या घरात उकडून राहिलो."

संध्याकाळी वर्षाच्या वडिलांना मीच फोन करायला लावला. आडपडद्यानं खोली भाड्यानं द्यायची नाही. ते म्हणाले, "बाई, गोळ्या चुकवू नका. माझ्या आईनं चुकवल्या." एवढंच.

आणि एक. मी फळीवर असते म्हणून की काय, पोरी आता खालीच बसतात. मेसच्या तीन लांब टेबलांवर. आज सहाच्या अकरा होत्या. पाच जणी दुसऱ्या होस्टेलच्या. तिथं एका खोलीत आठ जणी, टीव्ही, भांडणं. वर्षानं आणल्या. विचारलं, इथं काय मिळतं गं तुम्हाला? एक म्हणाली, "इथं कुणी बोलत नाही, काकू. तुम्ही बी वाचत असता. तुमच्याकडे बघून उठायची लाज वाटते."

२७ नोव्हेंबर, मंगळवार

गावात अभ्यासिका निघाल्यात, एका बाकाचे महिन्याला शंभर घेतात. पंचाहत्तर घेतले तर, असं शनिवारी मनात आलं. टेबलं आहेत, बाकं आहेत, दोन ट्यूबलाइट लागतील. शेगडी नाही, कणीक नाही, उचलणं नाही. बसून किंवा पडून फक्त हजर राहायचं आणि गप्प राहायचं. आयुष्यात असं काम कुणी दिलं नव्हतं.

राबियाबी म्हणाली, "पडून पैसा? अनसाबाई, तू तो नवाब हो गई."

चौदा जागा. चौदा पोरी तीन दिवसांत. तीन महिन्यांचे आगाऊ देतो म्हणाल्या. पावतीवर मी प्रत्येकीला लिहून दिलं : डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी या तीन महिन्यांबद्दल. दुसऱ्या कशाबद्दल नाही. शुभांगीनं वाचलं आणि म्हणाली, हे दुसरं वाक्य कशाला? म्हटलं, असू दे.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

शुभांगीला बँकेचा उतारा दाखवला. ती आणि तिची मैत्रीण दोन तास टेबलावर गणित मांडून बसल्या. मला वाटलं, चाचणीचा अभ्यास चाललाय.

"काकू, रक्कम मुद्दलात राहू दिली तर शेवटचे बारा हप्ते कमी होतात."

"सहा भरले होते मी."

"हो. सहाचे बारा. व्याज वाचतं ना. पण मधले थकलेले आत्ता भरायला पाहिजेत. आणि पुढचा एकही चुकवून चालणार नाही."

दोनदा करून बघायला लावलं. बाराच.

म्हणजे माझी चूक ही चूकच नव्हती, फक्त तिला निभावायची ताकद पाहिजे होती. ऑगस्टात नव्हती. आता आहे का? नोव्हेंबर धरून चार हप्ते थकलेत. फोटो जानेवारीत. हाड भरलं नसेल तर पुन्हा फळी, कदाचित ऑपरेशन. मग अभ्यासिका कोण बघणार, हप्ता कोण... अर्ज राहू दिला तर सुखानं जानेवारी निघेल. शहाणपण त्यात आहे.

१ डिसेंबर, शनिवार

मोठी पातेली विकली. दोन पराती, चार पातेली, शेगड्या, झारे. मागच्या गल्लीतल्या डबेवाल्या बाईलाच. आता ती माझ्या उपयोगाची नाहीत, पुन्हा कधी उचलणार नाही. ती बाई पातेल्याच्या बुडाला टिचक्या मारून बघत होती. शुभांगी माझ्या कानात म्हणाली, "आता तिच्या वरणात अजून पाणी मावेल."

दोघीही हसलो आणि बाईला वाटलं, भाव जास्त लावला. तिनं शंभर कमी केले.

पातेली हातगाडीवर गेली तेव्हा मात्र दारात उभी राहिले. त्यांतल्या एकावर ह्यांचं नाव कोरलेलं होतं. मुद्दाम नाही ठेवून घेतलं. चौदा माणसांचं पातेलं एकटीनं ठेवून काय करायचं. वापरात राहू दे.

पातेल्यांचे आणि पोरींचे मिळून पाच हजार नऊशे. भिशीतले धरून तीन हप्ते होतात. चौथा आणि दंड नाही होत. राबियाबी म्हणाली, माझ्याकडून घे. म्हटलं, तुझी ईद तोंडावर आहे, तुझे पैसे मुद्दलात गेले तर? तिला कळलं नाही पण हसली.

२ डिसेंबर, रविवार

भावजी आले. हॉलमध्ये चौदा पोरी माना खाली घालून बसलेल्या. ते दारातच थबकले, चपला हातात घेऊन चवड्यांवर चालत आतल्या खोलीत आले. कुजबुजत म्हणाले, "परीक्षा हाय का?"

"रोजच असते."

सगळं सांगितलं. सहाचे बारा, अर्ज, चार हप्ते, तीनचीच सोय. त्यांनी ऐकून घेतलं. हिशोब त्यांना माझ्याआधी समजला. शेतकऱ्याला व्याज समजवावं लागत नाही.

"वैनी, घर विकायचं नसंल तर मी जोर करत न्हाई. सरांना सांगतो. पण तो अर्ज मागं घेऊ नका. निदान जानेवारीपर्यंत सुरक्षित ऱ्हाता. फोटो येऊ द्या. मग बघू."

"फोटो आल्यावर नोंद फिरलेली असेल. मग बारा हप्ते जातील."

"जाऊ द्या बारा! उद्या पाठीचं काही झालं तर चावडीवर पुन्हा माझं नाव येतं." मग टोपी काढली. "रागावू नका. पण पोटी कुणी न्हाई. सहा वर्षांनी फिटलं काय, पाच वर्षांनी फिटलं काय. कुणासाठी एवढी घाई?"

"माझ्यासाठी. मी कुणी नाही का?"

जरा मोठ्यानं बोलले. बाहेर एका पोरीनं "शूऽऽ" केलं.

भावजी इतके दचकले की टोपी पडली. मला ती उचलून देता येईना. त्यांनी उचलली. मग दोघंही तोंडाला पदर-टोपी लावून हसत बसलो, आवाज न करता. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "दादा असता तर काय म्हणला असता?"

म्हटलं, ठाऊक नाही. खरंच ठाऊक नाही. ते असते तर घर गहाण पडलं नसतं, पोरी आल्या नसत्या, मी अठरा पानं वाचली नसती. ह्या गोष्टीत त्यांचं मत नाहीच. इतक्या वर्षांत अशी ही पहिलीच गोष्ट. थोडं एकटं वाटलं, आणि थोडं बरं.

भावजींना रात्री राहून घ्या म्हटलं. उत्तर उद्या देते.

३ डिसेंबर, सोमवार

सकाळी गोळ्या घेतल्या, पट्टा बांधला. राबियाबीच्या भावाच्या रिक्षानं बँकेत गेले. भावजी सोबत आले, पण आत आले नाहीत, बाहेर बाकावर बसले. अर्ज परत मागितला. साहेब म्हणाले, नक्की? म्हटलं, हो. तीन हप्ते भरले. चौथा आणि दंड यांना साहेबांनी जानेवारीअखेरची मुदत दिली, तसं त्यांच्याकडून लिहून घेतलं आणि तिथंच, खिडकीसमोर, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मागे रांग होती. मग घरी आले, हॉल उघडला आणि फळीवर पडले.